‘अँटी-स्किड’ म्हणजे नेमकी किती?

प्रश्न : बाथरूमसाठी टाइल घ्यायला गेलो, तर दुकानदाराने खोक्यावरचं ‘आर ९’ दाखवलं आणि म्हणाला, ‘‘अँटी-स्किड आहे, डोळे मिटून घ्या.’’ घरात वयस्क आई आहे. टाइल किती घसरते हे खरंच मोजता येतं का? आणि हा ‘आर’ काय प्रकार आहे? (एक वाचक, सातारा)

उत्तर : मोजता येतं, पण डोळे मिटून मात्र घेऊ नका. ‘आर’ हा एका जर्मन चाचणीचा शेरा. कललेल्या फळीवर टाइल बसवतात, तिच्यावर इंजिन ऑइल ओततात आणि बूट घातलेला माणूस तिथे मागे-पुढे चालतो. पडलाच तर तोलून धरायला अंगावर पट्टे असतात. उतार हळूहळू वाढवत नेतात. पाय ठरेनासा झाला की कोन टिपतात. ६ ते १० अंशांतच पाय सुटला तर आर ९, ३५ अंशांपुढेही टिकला तर आर १३. थोडक्यात, तुमचा ९ हा काठावर पास आहे. शिवाय ही परीक्षा कारखाने, हॉटेलांचे भटारखाने यांच्या कामाची. बूट घालून आंघोळ कोण करतं?

अनवाणी पायांची चाचणी निराळी. उतार तोच, पण वर साबणाचं पाणी. १२ अंशांना ‘ए’, १८ ला ‘बी’, २४ ला ‘सी’. दुकानदाराकडे मागायचा तो हा शेरा, आणि आईंसाठी निदान ‘बी’.

बसवून झालेल्या फरशीला लंबक लावतात. आडवा धरलेला दांडा सोडला की त्याच्या टोकाची रबरी पट्टी ओल्या फरशीवर जेमतेम साडेबारा सेंटिमीटर घासते आणि दांडा पलीकडे वर जातो. फरशीने जितकं धरून ठेवलं तितका तो कमी चढतो आणि मापावरचा आकडा तितका मोठा येतो. ब्रिटनमध्ये ३६ किंवा जास्त आकडा आला तर धोका कमी धरतात, २५ च्या आत आला तर जास्त.

यातला ‘ओल्या’ हा शब्द महत्त्वाचा. दुकानात आपण हात फिरवतो तो कोरड्या टाइलवर, आणि कोरडी असताना चकचकीत टाइलसुद्धा पाय चांगला धरते. पाणी सांडलं की तळपाय आणि टाइल यांच्यामध्ये पातळ थर अडकतो. तो फोडायला पृष्ठभागावर बारीक उंचवटे लागतात, साध्या पाण्याला साधारण २० मायक्रॉनचे. तेलाला त्याहून बरेच मोठे. वर्षभर बिनबोभाट वापरलेल्या मॅट टाइलवर नेमका अभ्यंगस्नानाच्या पहाटे पाय सटकतो, तो यामुळेच.

शेरा मिळालाच नाही तर टाइलचा एक नग घरी आणा, त्यावर साबणाचं पाणी ओता आणि भिंतीला धरून अनवाणी उभे राहून बघा. टाइल कुठलीही घ्या, ब्रशने घासायला आळस नको: साबण आणि क्षार खाचांत बसले की ‘बी’ची टाइलही गुळगुळीत होते. आणि आईंच्या हाताशी येईल असं एक हँडल भिंतीत पक्कं बसवून घ्या. टाइलच्या मानाने त्याचा खर्च किरकोळ आहे.