डबी उघडून बघ

अगं, कपाटाच्या किल्ल्या आता तुझ्याकडे, म्हणून सांगतो. सिनेमा घेताना पोस्टरवर जाऊ नकोस, डबी उघडून बघ. मुखपृष्ठावर भाळायची आपली ग्रंथालयवाल्यांची खोड इथे महागात पडते.

जुने मराठी चित्रपट आपल्याला बरेचसे व्हीसीडीवरच मिळाले. एका सीडीवर ७४ ते ८० मिनिटं, म्हणजे एका सिनेमाच्या दोन-तीन सीड्या. एक हरवली की संच बाद. आणि व्हीसीडीचा जीव असतो छापील बाजूला, रंगाच्या अगदी खाली. लोक चकचकीत बाजू जपतात आणि छापील बाजू टेबलावर घासतात. लोकांचं कशाला, पहिल्या वर्षी मीच तिथे बॉलपेननं दाखल क्रमांक घातले. पुढे एक सीडी ट्यूबलाइटसमोर धरली, तर क्रमांक आरपार दिसत होता! तेव्हापासून क्रमांक मधल्या पारदर्शक कड्यावर, मऊ टोकाच्या पाण्याच्या शाईच्या मार्करनं. स्टिकर नकोच, फिरताना तोल जातो.

डीव्हीडी जास्त सोसते. ०.६ मिलिमीटरचे दोन थर चिकटवलेले असतात, माहिती मधे सुरक्षित. पण 'एकात तीन' घेऊ नकोस. तीन सिनेमे एकीत कोंबले की अंधारातल्या प्रसंगात नुसते चौकोन दिसतात, आणि एका सभासदानं एकासाठी नेली की तिन्ही अडकतात. खालची बाजू जांभळट दिसली तर ती बहुधा कुणीतरी राइट केलेली, देणगीतही नको.

परदेशातून कुणी पाठवली तर डबीमागच्या पृथ्वीगोलातला विभागाचा आकडा बघ. आपला आकडा ५, अमेरिकेचा १. 'ऑल' असेल तर प्रश्नच नाही. ब्लू-रेला अक्षरं असतात, आपलं सी. मात्र ती घेण्याआधी सभासदांना विचार, प्लेअर कुणाकडे आहे? ब्लू-रेच्या प्लेअरवर डीव्हीडी चालते, उलट नाही.

आता डबी. पुठ्ठ्याचे देखणे संच घरच्या शोकेसला ठीक, देवघेवीत त्यांच्या कडा फाटतात. एकाच खुंटीवर चार डिस्क रचलेला संच तर मुळीच नको, एकमेकींवर घासतात. साधी काळी प्लास्टिकची डबी घे, १४ मिलिमीटर कण्याची. कण्यावर नाव नि क्रमांक दोन्ही मावतात. मधलं बटण दाबल्यावर डिस्क अलगद सुटते का, ते दुकानातच तपास. वाकवून ओढावी लागली, तर भोकापासून तडा जाणारच.

जिन्याखालच्या खोक्यात चांगल्या रिकाम्या डब्या आहेत. भंगारवाल्याला देऊ नकोस.