विरजणाची अट

शेजारच्या घरून विरजण मागून आणणे ही आमच्या बेळगाव-निपाणी भागातील जुनी रीत. त्याचे कोणी पैसे घेत नाही. पण समजा, एखादी आजीबाई म्हणाली, "बाळ, विरजण ने, मात्र त्याचे दही कोणाला दिलेस, तर ह्याच अटीवर दे." विरजण फुकटच राहिले, परंतु त्यास अट जोडली गेली. संगणकाच्या आज्ञावल्यांचेही असेच असते.

शास्त्रीय कामांत काही आकडेमोडी वारंवार कराव्या लागतात. त्यांच्या आज्ञावल्या एकदा नीट लिहून सर्वांसाठी ठेवल्या जातात. अशा संचास लायब्ररी म्हणतात. तिच्यावर लिहिणाऱ्याचा लेखनहक्क असतो. म्हणून ती वापरण्याची, बदलण्याची व वाटण्याची मुभा तो लेखी परवान्याने देतो.

परवान्यांचे प्रमुख प्रकार दोन. 'बीएसडी' परवाना सांगतो, "आमचे नाव व ही सूचना कायम ठेवा, मग हवे ते करा." 'जीपीएल' परवाना आजीबाईंच्या विरजणासारखा आहे. त्याखालील भाग घेऊन केलेले काम इतरांना द्यावयाचे, तर ते सर्व काम मूळ मजकुरासह व त्याच अटींवर द्यावे लागते. केवळ स्वतःपुरते वापरण्यास बंधन नाही.

आमची वेदगंगा दूधगंगेस मिळते आणि दूधगंगा कृष्णेस; कृष्णेचे पाणी मात्र उलटे येत नाही. त्याचप्रमाणे बीएसडीचा भाग जीपीएलच्या कामात मिसळतो. पण जीपीएलचा भाग घेतलेले काम केवळ बीएसडीच्या अटींवर वाटता येत नाही. लहरींचे गणित अतिशय वेगाने करणारी 'एफएफटीडब्ल्यू' ही लायब्ररी जीपीएलखाली आहे. 'सायपाय' हा पायथन भाषेतील संच बीएसडीखाली आहे. म्हणून सायपायमध्ये त्या कामासाठी बीएसडीखालील दुसरी लायब्ररी आहे.

कधी कधी दोन उदार परवान्यांचेही जुळत नाही. १९९१ ची जीपीएलची दुसरी आवृत्ती सांगते, "आमच्यापेक्षा अधिक बंधन घालू नका." २००४ च्या 'अपाचे' परवान्यात पेटंटविषयी एक जादा अट आहे. समजा, आमच्या एखाद्या विद्यार्थ्याने उसाच्या पाण्याचा हिशेब करणारी आज्ञावली ह्या दोहोंचे भाग जोडून केली. ती त्याच्या घरी चालेल. गावात वाटता मात्र येणार नाही. वर्षभराचे श्रम पेटीत बंद! जीपीएलच्या २००७ च्या तिसऱ्या आवृत्तीने ही अडचण दूर केली. म्हणून लेखकाने 'दुसरी किंवा त्यानंतरची आवृत्ती' असे लिहिले असेल, तर मार्ग निघतो. नाही तर लेखकाची परवानगी मागावी, किंवा दुसरी लायब्ररी शोधावी.

परवाना बदलून वाट मोकळी केल्याचे उदाहरणही आहे. फ्रान्समध्ये तयार झालेल्या 'सायलॅब' ह्या गणिती प्रणालीच्या पूर्वीच्या परवान्यात व्यापारी वापरावर बंधन होते. २००८ साली तिने जीपीएलशी जुळेल असा 'सेसिल' हा परवाना घेतला व २०१७ पासून जीपीएलच स्वीकारला. मुंबईस पवई येथील आय.आय.टी.च्या 'फॉसी' प्रकल्पाने तिचा देशभर प्रसार केला. तेथीलच 'स्पोकन ट्यूटोरियल'चे संगणकविषयक पाठ मराठीत आहेत आणि कन्नडमध्येही आहेत. त्यांचा परवाना भाषांतराची मुभा देतो. अट एवढीच, की मूळ कर्त्यांचे नाव द्यावे व भाषांतरही त्याच अटींवर द्यावे. दोन भाषांच्या सीमेवर राहणाऱ्या आम्हांस ह्या मुभेचे मोल निराळे सांगावयास नको.

विद्यार्थी मित्रहो, पुढे तुम्ही अशा लायब्ऱ्या वापराल, कदाचित स्वतः लिहालही. दुसऱ्याची घेताना तिचा परवाना आधी वाचा. दोन जोडताना दोन्ही परवाने शेजारी ठेवून पाहा. आणि स्वतःची देताना तीवर परवाना अवश्य लिहा. विरजण दुधात पडल्यावर ते वेगळे काढता येत नाही. अट विचारावयाची, ती त्यापूर्वीच.