उतरलेली वस्तू आणि तिची किंमत

स्मरणिकेसाठी इतिहासविषयक लेख द्यावा, अशी संपादक मंडळाची सूचना होती. मी मात्र विषय घेतला आहे तो एका मातेच्या प्रश्नावरून. आपल्या विद्यालयात शिकलेला एक विद्यार्थी आज सहकुटुंब अमेरिकेतील ओहायो राज्यात स्थायिक आहे. त्याची पत्नी तेथे लोकांनी टाकलेल्या जुन्या वस्तू विकत घेते आणि इंटरनेटवरून विकते. मागील माजी विद्यार्थी मेळाव्यास त्याच्या मातोश्री आल्या होत्या. त्यांनी मला बाजूला बोलावून विचारले, "सर, आम्ही लोकांची उतरलेली लुगडी नेसलो. पोरांवर ती पाळी येऊ नये म्हणून त्यांना इथं ठेवलं. आता सून तिकडं लोकांचे उतरलेले कपडे विकते. हे बरं आहे का?" त्या दिवशी मला समाधानकारक उत्तर देता आले नाही. पुढील विवेचन हा ते देण्याचा प्रयत्न आहे.

प्रथम तेथील व्यवहार समजून घेतला पाहिजे. अमेरिकेत घरातील नको असलेली वस्तू काढण्याचे दोन मार्ग सर्वत्र दिसतात. एक म्हणजे 'गॅरेज सेल'. शनिवारी सकाळी घरमालक मोटार ठेवण्याच्या जागेत किंवा अंगणात टेबले मांडतो, वस्तूंवर किमतीच्या चिठ्ठ्या लावतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना त्या विकतो. घासाघीस चालते, आणि दुपार कलली की भाव उतरतात. दुसरा मार्ग 'थ्रिफ्ट स्टोअर'. हे बहुधा धर्मादाय संस्थेचे दुकान असते. लोक तेथे वस्तू दान करतात, संस्था त्या अल्प किमतीत विकते आणि त्या पैशातून आपले कार्य चालवते.

या दुकानांमागे मोठा इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकात न्यूयॉर्कसारख्या शहरांत जुन्या कपड्यांचा व्यापार मोठ्या प्रमाणात गरीब ज्यू स्थलांतरितांच्या हाती होता. ते गल्लोगल्ली फिरून कपडे गोळा करीत. समाज त्या कपड्यांकडे आणि त्यांना हात लावणाऱ्यांकडेही हीन दृष्टीने पाहत असे. रोगराईचा संशय, फसवणुकीचा आरोप आणि वंशद्वेष यांची त्यात सरमिसळ होती. १९०२ साली बोस्टनमध्ये एडगर हेल्म्स या मेथडिस्ट धर्मोपदेशकाने वेगळी रीत सुरू केली. श्रीमंत वस्त्यांतून जुने कपडे व घरगुती सामान गोळा करायचे, बेरोजगार गरिबांना कामावर घेऊन त्यांच्याकडून ते दुरुस्त करवून घ्यायचे आणि विकायचे. काम करणाऱ्याला त्यातून मजुरी किंवा वस्तू मिळे. आजची 'गुडविल' ही संस्था त्यातूनच उभी राहिली. भिक्षा नको, संधी हवी, हे तिचे आरंभापासूनचे सूत्र आहे.

येथे आपल्या मातोश्रींचा प्रश्न पुन्हा पुढे येतो. उतरलेली वस्तू आपल्या समाजाच्या वाट्याला कशी आली, हे या स्मरणिकेच्या वाचकांना वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी मृतांची वस्त्रे नेसावीत असे विधान आहे. गावगाड्यात मृताच्या अंगावरील कापड हा महारांचा 'हक्क' म्हणून मोजला जाई. या हक्काची गंमत अशी की, तो नाकारण्याचा हक्क त्यात नव्हता. घेणाऱ्याने निवड करायची नाही, भाव करायचा नाही, आणि मिळालेले अंगावर घालून आपली पायरी गावाला दाखवायची. वस्तू जुनी होती हे त्यातील दुःख नव्हते. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकत असताना जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून पुस्तके घेत. सुमारे दोन हजार जुनी पुस्तके त्यांनी जमवली होती, असे त्यांचे चरित्रकार नमूद करतात. ती पुस्तकेही कोणी तरी वापरून उतरवलेलीच होती. परंतु त्यांनी ती निवडली होती आणि तुटपुंज्या शिष्यवृत्तीतून पोटाला चिमटा घेऊन त्यांची किंमत मोजली होती.

आता इंटरनेटच्या बाजाराकडे वळू. १९९५ च्या सप्टेंबरमध्ये पियरे ओमिद्यार या कॅलिफोर्नियातील संगणकतज्ज्ञाने लिलावाचे एक संकेतस्थळ सुरू केले. तेच पुढे 'ईबे' झाले. त्यावर विकली गेलेली पहिली वस्तू म्हणून एका बिघडलेल्या लेझर पॉइंटरची हकीगत सांगतात. तो १४ डॉलर ८३ सेंटला गेला. घेणारा बिघडलेले पॉइंटरच जमवत होता! या बाजाराचे मर्म त्यात आले. एका गल्लीत ज्या वस्तूला गिऱ्हाईक नाही, तिचे गिऱ्हाईक हजार मैलांवर बसलेले असू शकते. दोघांची गाठ घालून देणे, हेच या व्यापाऱ्याचे काम.

हे काम ज्ञानाचे आहे. आपल्या सुनबाईंचा हात विशेषतः बिडाच्या भांड्यांवर बसला आहे. पेनसिल्व्हेनियातील ईरी या गावी ग्रिसवोल्ड नावाचा कारखाना होता. तो १९५७ साली बंद पडला. त्याचे तवे आतून गुळगुळीत घासलेले असत, म्हणून संग्राहक आजही ते शोधतात. गॅरेज सेलमध्ये गंजलेला तवा दिसला की त्या प्रथम तो उलटा करून पाठीवरचा शिक्का पाहतात. मग सपाट टेबलावर ठेवून तो डुगडुगतो का ते पाहतात आणि शेवटी बोटाच्या पेराने वाजवतात. खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द आला तर तडा असण्याचा संभव. आपल्याकडे बाजारात माठ घेताना बायका हेच करतात. लेव्हाइस कंपनीच्या जीन्सवरील लाल पट्टीवर इंग्रजी नावातील 'ई' मोठ्या लिपीत असेल तर ती साधारण १९७१ पूर्वीची, हेही त्यांनीच मला सांगितले. इतिहासाचा शिक्षक नाण्याचा काळ ठरवतो, तो याहून फार निराळ्या रीतीने नव्हे.

मात्र नफ्याविषयी भ्रम नसावा. एक साधा हिशेब मांडू. समजा, थ्रिफ्ट स्टोअरमधून ६ डॉलरला घेतलेला सदरा २५ डॉलरला विकला. संकेतस्थळाचे शुल्क साधारण तेरा टक्क्यांच्या आसपास, म्हणजे सव्वातीन डॉलर. टपालखर्च ६ डॉलर, वेष्टन पाऊण डॉलर. हाती राहिले ९ डॉलर. शोधणे, धुणे, मापे घेणे, छायाचित्रे काढणे, वर्णन लिहिणे आणि बांधणे यांत मिळून एक तास गेला असेल, तर ही कमाई ओहायोच्या किमान वेतनापेक्षाही कमी झाली, कारण ते ताशी १० डॉलरच्या वर आहे. पेट्रोल आणि कर तर धरलेच नाहीत. म्हणून जाणकार माणूस विकणाऱ्यांनी मागितलेल्या किमतींवर जात नाही. पूर्वी प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या वस्तूंचे भाव तो तपासतो आणि दहांपैकी नऊ वस्तू जागेवर ठेवून येतो. सदऱ्यावरील डाग छायाचित्रात दाखवावाच लागतो. लपवला तर माल परत येतो आणि नाव जाते.

विकत घेतलेली वस्तू पुन्हा विकण्याचा अधिकारही लढून मिळालेला आहे. एका प्रकाशकाने आपली कादंबरी एका डॉलरपेक्षा कमी किमतीत विकू नये, अशी सूचना पुस्तकातच छापली. मेसी या दुकानाने ती ८९ सेंटला विकली. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९०८ साली दुकानाच्या बाजूने निर्णय दिला: प्रत एकदा विकल्यावर पुढील विक्रीवर प्रकाशकाचा ताबा उरत नाही. शंभर वर्षांनी सुपाप किर्तसेंग हा थायलंडचा विद्यार्थी याच प्रश्नावर उभा राहिला. मायदेशात स्वस्त मिळणारी पाठ्यपुस्तके नातेवाइकांकडून मागवून तो अमेरिकेत विकत असे. वायली या प्रकाशनसंस्थेने दावा लावला आणि खालच्या न्यायालयात ६ लाख डॉलरची भरपाई त्याच्यावर बसली. मार्च २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी त्याच्या बाजूने निकाल दिला.

आपल्या समाजातील पालकांसाठी येथे एक इशारा आवश्यक आहे. तेथे विद्यार्थी व्हिसावर किंवा नोकरीच्या एच-१बी व्हिसावर गेलेल्या मुलांना असा स्वतःचा व्यवसाय करण्याची सामान्यतः मुभा नसते. खोलीतील आपले जुने टेबल विकणे वेगळे आणि नफ्यासाठी माल घेऊन विकत राहणे वेगळे. हौसेपायी शिक्षण व मुक्काम धोक्यात घालू नये. आपल्या सुनबाईंकडे ग्रीन कार्ड आहे, आणि दर वर्षी त्या कर भरतात. धोकादायक ठरवून परत मागवलेल्या वस्तू जुन्या बाजारातही विकता येत नाहीत. बाजू खाली सरकणारे बाळाचे पाळणे २०११ पासून तेथे विक्रीस बंद आहेत.

एक आक्षेप मात्र मला बाजूला सारता येत नाही. गरिबांसाठी ठेवलेल्या फडताळावरील चांगला माल जाणकार उचलतो, मग गरिबाला काय उरते? यावर सांगितले जाते की या दुकानांत खपते त्याहून अधिक दान येते, आणि उरलेले कपडे वजनावर किंवा गाठी बांधून विकले जातात. जगभरातील अशा गाठी आपल्या कांडला आणि पानिपतपर्यंत येतात. हे खरे आहे. तरीही लहान मुलाच्या हिवाळी कोटाच्या बाबतीत हे उत्तर मला पुरेसे वाटत नाही. सुनबाईंनाही ते वाटले नसावे. मुलांचे कोट आणि बूट यांना त्या हात लावत नाहीत.

हे सारे मी मातोश्रींना त्यांच्या घरी जाऊन सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि मग आतून एक काळाभोर, जड तवा आणून माझ्यापुढे ठेवला. सुनेने मागच्या खेपेस आणला होता, पाठीवर ईरीचा शिक्का. "बीड चांगलं आहे, भाकरी चिकटत नाही," त्या म्हणाल्या, "पण काठ लई उंच केलेत. उलटताना बोटं भाजतात. तिला म्हणावं, पुढच्या खेपेला बिनकाठाचा बघ, आणि फुकट आणू नको. काय पडतील ते पैसे मी देईन."