वयस्कांचं अपेंडिक्स: दुर्बिणीने की पोट उघडून?

सत्तरीच्या माणसाचं पोट बेंबीखाली उजवीकडे दुखू लागलं, की 'गॅस झाला असेल' म्हणून रात्र काढू नका. या वयात ताप येईलच असं नाही, रक्तातल्या पांढऱ्या पेशीही कधीकधी नॉर्मल निघतात, आणि तोवर अपेंडिक्स फुटलेलं असतं. जुलाबाची गोळी नको, शेक नको, खायलाही काही देऊ नका.

मानवत भागात राहत असाल, तर आधी तिथलं ग्रामीण रुग्णालय गाठा. तिथून परभणीला हलवायला सांगितलं तर १०८ बोलवा. सोबत जुने कागद, ईसीजी, आधार कार्ड, रेशन कार्ड आणि चालू गोळ्यांची पाकिटं घ्या. अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेलसारखी रक्त पातळ करणारी गोळी असेल, तर ते डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा. ती मनाने बंद करू नका.

सोनोग्राफीत नीट दिसलं नाही तर सीटी स्कॅनबद्दल विचारा. खर्चाकडे पाहून तो टाळू नये असं माझं ठाम मत आहे, कारण उतारवयात मोठ्या आतड्याच्या सुरुवातीची गाठ अपेंडिक्ससारखीच दुखते.

आता निर्णयाचं. दुर्बिणीच्या ऑपरेशनला साधारण तीन छिद्रं पाडतात आणि पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात. जखमेत पू होण्याचा धोका कमी, दुखणं कमी, आणि माणूस लवकर चालू लागतो. म्हाताऱ्या माणसासाठी हे चालणं फार मोलाचं, कारण अंथरुणावर पडून राहिलं की छातीत कफ साठतो, पायात रक्ताच्या गाठी होतात. मात्र दुर्बिणीच्या ऑपरेशनला बहुधा पूर्ण भूल लागते आणि गॅसच्या दाबाचा भार हृदय-फुप्फुसांवर येतो. हृदय फारच कमजोर असेल किंवा दमा जुना असेल, तर पाठीत भूल देऊन छोटा छेद घेणं कधीकधी बरं. जर्मनीत कर्ट सेम यांनी १९८० साली दुर्बिणीने अपेंडिक्स काढलं, मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी १९९० साली याच तंत्राने पित्ताशय काढलं. म्हणजे हे तंत्र आता नवखं नाही. वय जास्त आहे एवढ्याच कारणाने ते नाकारलं जात असेल, तर कारण विचारा.

सही करण्यापूर्वी तीन गोष्टी विचारा. भूलतज्ज्ञांनी पेशंटला तपासलं का? इथले सर्जन दुर्बिणीने नेहमी करतात का? आणि मध्येच पोट उघडावं लागलं तर तयारी आहे का? तसं उघडावं लागणं म्हणजे डॉक्टर चुकले असं नव्हे. अपेंडिक्स फुटून पेशंट खालावला असेल, तर मात्र दुर्बिणीसाठी नांदेड-संभाजीनगरची वाट धरू नका. जवळ आणि लवकर होईल ते ऑपरेशन खरं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतं का, तेही भरतीच्या वेळीच विचारून घ्या.

ऑपरेशननंतर डॉक्टरांनी परवानगी दिली की पेशंटला धरून चालवा आणि दीर्घ श्वास घ्यायला लावा. काढलेलं अपेंडिक्स तपासणीला जातं. टाके काढायला जाल तेव्हा त्याचा रिपोर्ट मागून घ्या आणि डॉक्टरांकडून वाचून घेतल्याशिवाय घरी येऊ नका.