गुणसुधार आणि महाविद्यालयीन प्रवेश

मुंबई विभागीय शिक्षण मंडळाचे कार्यालय नवी मुंबईतील वाशी येथे आहे. या मंडळाच्या गुणपत्रकावर विद्यार्थ्याचा पुढील मार्ग ठरतो. परंतु आठवीत जेमतेम उत्तीर्ण झालेला मुलगा दहावीत प्रथम श्रेणीपर्यंत कसा पोहोचला, ही चढण त्यात दिसत नाही. अकरावीच्या गुणवत्ता यादीसाठी दहावीचेच गुण धरतात, तेही २०१० पासून सर्वोत्तम पाच विषयांचे. उशिरा जागा झालेल्या मुलाच्या दृष्टीने ही व्यवस्था एका परीने उदारच म्हणावी लागेल.

बारावीनंतर मात्र अडचण निराळी. राज्यातील अभियांत्रिकी प्रवेशाची गुणवत्ता यादी सामाईक प्रवेश परीक्षेवर लागते. तथापि पात्रतेसाठी बारावीच्या विहित तीन विषयांत एकत्रित ४५ टक्के, राखीव प्रवर्गास ४० टक्के गुण आवश्यक असतात. खुल्या प्रवर्गातील विद्यार्थी ४३ टक्क्यांवर अडला, तर प्रवेश परीक्षेतील उत्तम यशही व्यर्थ ठरते.

अशा विद्यार्थ्यांना मंडळाची श्रेणीसुधार योजना उपयोगी पडते. फेब्रुवारी-मार्च २०२५ मध्ये बारावी उत्तीर्ण झालेल्यांना लगतच्या तीन संधी देण्यात आल्या: जून-जुलै २०२५, फेब्रुवारी-मार्च २०२६ आणि जून-जुलै २०२६. निकालानंतर पुरवणी परीक्षेचे अर्ज लवकरच सुरू होतात, आणि नेमके याच वेळी कनिष्ठ महाविद्यालये सुटीच्या मनःस्थितीत असतात. वर्गशिक्षकांनी काठावरील विद्यार्थ्यांची यादी निकालाच्या आठवड्यातच करावी, आणि पुरवणी निकाल प्रवेशाच्या मुदतीत हाती येईल काय, हेही पालकांसमवेत पडताळून पाहावे.