हात चालत नसेल तरी टॅब चालवता येतो

आमच्या वस्तीतल्या एका 11 वर्षांच्या मुलीला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी आहे. बोललेले सगळे तिला समजते, पण तोंडातून शब्द फुटत नाही आणि हात मनासारखा हलत नाही. "हिला काही कळत नाही" म्हणून शाळेने परत पाठवले. मामाने हौसेने टॅब आणून दिला. बोट टेकवायला जावे तर हात उसळून भलतीकडेच जाई, नको ते उघडे, आणि धाकटा भाऊ टॅब ओढून घेई. शाळा म्हणते तेच खरे असावे, असे हळूहळू घरच्यांनाही वाटू लागले होते.

तिचा उजवा गुडघा मात्र तिचे ऐकत होता. आज ती त्याच गुडघ्याने टॅब चालवते.

अँड्रॉइड टॅबमध्ये 'स्विच अ‍ॅक्सेस' नावाची सोय आहे. ती चालू केली की पडद्यावर एक चौकट एकेका चित्रावरून आपोआप पुढे सरकते. हव्या त्या चित्रावर चौकट आली की बटण दाबायचे. बोटाने टेकवल्यासारखेच ते उघडते. बटण हाताने, कोपराने, पायाने, हनुवटीने, कशानेही दाबा. परांचीवरून पडून मणक्याला मार बसलेला माणूस, स्नायू हळूहळू क्षीण होणारा मुलगा, यांनाही हीच सोय उपयोगी पडते. आयपॅडमध्ये तिला 'स्विच कंट्रोल' म्हणतात.

टॅब हातात घेण्याआधी बसणे नीट करा. निम्मे काम इथेच होते किंवा इथेच बिघडते. कंबर खुर्चीच्या पाठीला टेकलेली हवी, तळपाय लोंबकळत नकोत, खाली पाट किंवा विटा ठेवा. कोपरांना टेबलाचा आधार द्या. शरीर सावरण्यातच सगळी ताकद गेली तर बटणासाठी काय उरणार? टॅब डोळ्यांसमोर, मधोमध ठेवा. सेरेब्रल पाल्सी असलेल्या काही मुलांची मान एका बाजूला वळली की त्या बाजूचा हात आपोआप ताठ होतो. टॅब कडेला ठेवला तर मूल बघायला मान वळवते, हात ताठतो, आणि आपण म्हणतो, "मुद्दाम करत नाही." घरात जागा नसेल तर दुपारच्या वेळी विहारातले टेबल वापरा.

आता भरवशाची हालचाल शोधा. "दाब" म्हणा आणि दहा वेळा बघा. किती वेळा दाबले, किती वेळात दाबले, आणि दाबल्यावर सोडता आले का? सोडता येणे विसरू नका. स्नायू कडक असलेली मुले पुष्कळदा दाबतात, पण हात तिथेच अडकून राहतो. मोठी, जोरदार हालचाल शोधू नका. लहान असली तरी पुन्हा पुन्हा तशीच होणारी शोधा. आम्ही त्या मुलीचा उजवा हात धरून पंधरा दिवस घालवले, कारण आईला वाटे हातानेच झाले पाहिजे. गुडघ्याकडे लक्ष गेले ते तिच्या आजीचे. आवडते गाणे लागले की नात टेबलाच्या पायावर गुडघा आपटते, हे आजीला केव्हाचे माहीत होते.

तयार स्विच बाजारात मिळतात, पण महाग असतात. शिवाय त्यांची पिन हेडफोनच्या भोकात बसली तरी टॅबला काही समजत नाही. स्विच आणि टॅब यांच्यामध्ये एक वेगळी डबी लागते. सुरुवातीला जुना यूएसबी कीबोर्ड आणि ओटीजी केबल पुरे. स्पेसची पट्टी ठेवून आसपासच्या कळा उचकटून काढा, म्हणजे चुकून दुसरे काही दाबले जात नाही. सेल्फी काढायचे छोटे ब्लूटूथ रिमोटही चालते, पण थोडा वेळ वापरले नाही की ते झोपी जाते. आमच्याकडे मोबाइल दुरुस्त करणाऱ्या पोराने कीबोर्ड उघडून स्पेसच्या जोडणीतून दोन तारा काढल्या आणि व्हिडिओ गेमच्या मशिनला असते तसले मोठे गोल बटण जोडून दिले. ते टेबलाच्या पायाला बांधले. असले घरगुती बटण भिंतीवरच्या विजेच्या जोडणीत कधीही घालू नका. ओटीजी लावली की बहुतेक टॅबवर चार्जिंगला जागा राहत नाही, म्हणून रात्रीच चार्ज करून ठेवा.

जोडणी झाली की सेटिंग्जमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटी, त्यात स्विच अ‍ॅक्सेस उघडा. तिथे दिसले नाही तर प्ले स्टोअरवरून गूगलचे त्याच नावाचे अ‍ॅप घ्या. चालू करताना ते एकेक प्रश्न विचारते. स्विच यूएसबीचा की ब्लूटूथचा? एक की दोन? एकच असेल तर आपोआप सरकणारी चौकट निवडा. पहिल्या दाबाने चौकट सरकू लागते, दुसऱ्या दाबाने निवड होते. दोन हालचाली येत असतील तर एका बटणाने पुढे जायचे आणि दुसऱ्याने निवडायचे. मग घाई नसते. बटण नेमून देताना विचारल्यावर तेच बटण दाबले की झाले. हात थरथरून एकाच वेळी तीनचार दाब पडत असतील तर एका दाबानंतर काही काळ पुढचे दाब मोजू नयेत, अशीही सेटिंग आहे.

वेग ठरवताना बहुतेक घरे चुकतात. "दाब" म्हटल्यापासून दाबेपर्यंतचा वेळ पाचसहा वेळा मोजा आणि सरासरी काढा. चौकट प्रत्येक चित्रावर त्याच्या साधारण दीडपट थांबली पाहिजे. दोन सेकंद लागत असतील तर तीन सेकंद ठेवा. आता हिशेब बघा: पडद्यावर 24 चित्रे असतील तर शेवटच्यापर्यंत पोचायला 72 सेकंद लागतील. कोणाचाही धीर सुटेल. चारच चित्रे ठेवली तर 12 सेकंद. म्हणून पहिल्या पानावर फार थोडे ठेवा, बाकीचे काढून टाका.

वाचता येत नसेल तर स्विच अ‍ॅक्सेसमधला बोलणारा आवाज चालू करा आणि टॅबच्या आवाजाची भाषा मराठी ठेवा, म्हणजे चौकट जिथे येईल ते ऐकू येते. वाचता-लिहिता येणाऱ्यांना वेगळीच अडचण येते: बाहेरचा कीबोर्ड जोडल्यावर पडद्यावरचा कीबोर्ड दिसेनासा होतो. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये जाऊन तो पडद्यावर दाखवायला सांगावे लागते. बोलता न येणाऱ्यांसाठी आयआयटी मुंबईत तयार झालेले 'जेलो' हे चित्रांवरून बोलणारे अ‍ॅप आहे, ते मराठीतही आहे.

सुरुवात दहा मिनिटांची ठेवा आणि गाण्याने करा, अभ्यासाने नको. चुकले तर चुकू द्या. आई-बापांचा हात पुढे जातोच, पण एकदा तुम्ही दाबलेत की ते तुमचे उत्तर झाले. आमच्या मुलीने पहिल्या आठवड्यात चारदा नको ते गाणे लावले आणि पाचव्या वेळी हवे ते. महिन्याभराने एका संध्याकाळी ती जेवेना. आईला वाटले हट्ट आहे. मुलीने 'दुखते' निवडले, मग 'कान'. डॉक्टरांनी पाहिले तर कानात पू झाला होता. याआधी किती वेळा असे झाले असेल, म्हणून आई रात्रभर रडली.

वापरलेली जागा दुखू लागली, मान अवघडली किंवा दाब कमी होऊ लागले तर थांबा आणि थेरपिस्टला दाखवा. मुंबईत हाजी अलीच्या अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्थेत ऑक्युपेशनल थेरपी विभाग आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारी रुग्णालयात मुलांसाठी शीघ्र हस्तक्षेप केंद्र आहे का ते विचारा. दिव्यांगांचे यूडीआयडी कार्ड काढले नसेल तर काढा. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याप्रमाणे 40 टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला 6 ते 18 वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. शाळा परत पाठवत असेल तर लेखी कारण मागा. त्या मुलीच्या आईने टॅब घेऊनच मुख्याध्यापकांची खोली गाठली होती.

एक शेवटचे काम राहते. टॅबच्या पाठीवर एक चिठ्ठी चिकटवा: बटण कुठे लावायचे, चौकट किती सेकंद थांबते, स्विच अ‍ॅक्सेस बंद-चालू कसे करायचे. आई कामाला गेली असताना आजीला किंवा शेजारच्या ताईला तेवढ्यावर टॅब चालू करून देता आला पाहिजे.