घरातील काला : बेकार मुलगा आणि मातापित्यांचे कर्तव्य



सप्ताहाची सांगता काल्याच्या कीर्तनाने होते, हंडी फुटते, काला वाटला जातो. हे आपल्या अंगवळणी पडलेले आहे. पण काला म्हणजे काय, याचा विचार घरी गेल्यावर कितीजण करतात? गोपाळांनी आपापली शिदोरी सोडली. कुणाची शिळी भाकरी, कुणाचे दही, कुणाची लोणच्याची फोड. सगळे एकत्र कालवले गेले आणि सर्वांनी वाटून खाल्ले. यात दोन नियम आहेत. प्रत्येकाने आपली शिदोरी सोडायची, हा पहिला. कोणाची शिदोरी लहान म्हणून त्याला उठवायचे नाही, हा दुसरा. पेंद्या पायांनी अधू, त्याच्याजवळ देण्यासारखे थोडे. तरी काल्यातली त्याची जागा कोणी काढून घेतली नाही. हे दोन नियम हाती धरून आज एका घरगुती प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

हल्ली गावोगाव कीर्तन संपल्यावर वयस्क माणसे आमच्याजवळ येतात आणि मंडप रिकामा झाल्यावर हळूच विचारतात, "बुवा, पोरगं छत्तीस वर्षांचं झालं. शिकलेलं आहे. काम नाही, लग्न नाही. पाहुणे आले की खोलीतून बाहेर येत नाही. आम्ही दोघं आता थकलो. त्याला पोसावं का घराबाहेर काढावं? धर्म काय म्हणतो?" ही शंका एका घरची नव्हे, म्हणून तिचे विवेचन येथे करीत आहोत.

प्रथम कारण पाहू. पूर्वी एका बापाची जमीन चार मुलांना काम देई. महाराष्ट्रात दर खातेदारामागे सरासरी जमीन १९७०-७१ साली ४.२८ हेक्टर होती. २०१५-१६ च्या कृषिगणनेत ती १.३४ हेक्टर भरली. म्हणून बापाने मुलाला शिकविले. पण शिक्षण वाढले तशा नोकऱ्या वाढल्या नाहीत. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०२४ च्या भारतविषयक अहवालात असे दिसते की, बेकारांमध्ये शिकलेल्या तरुणांचा वाटा २००० साली ५४.२ टक्के होता, तो २०२२ साली ६५.७ टक्के झाला. मग हा मुलगा स्पर्धा परीक्षेस बसतो. जागा शेकड्यांनी, अर्ज लाखांनी. राज्यसेवेची वयोमर्यादा सर्वसाधारणपणे खुल्या वर्गास ३८ व मागासवर्गीयांस ४३ वर्षे. "यंदा नाही तर पुढल्या वर्षी" असे म्हणता म्हणता बारा-पंधरा वर्षे अभ्यासिकेत जातात, आणि मर्यादा संपली की तो रिकाम्या हाताने घरी येतो. तेव्हा घरी बसलेला प्रत्येकजण आळशी, असे म्हणणे हा अविचार होय.

येथे पहिला पूर्वपक्ष उभा राहतो. "कारण काही असो, वयात आलेल्याला बसवून खाऊ घालणे म्हणजे त्याला बिघडवणे. काढा बाहेर, म्हणजे डोळे उघडतील." कायद्याने पाहिले तर धडधाकट सज्ञान मुलाला बापाकडे पोटगी मागता येत नाही, उलट २००७ च्या कायद्याने वृद्ध आईबापांनाच मुलांकडून निर्वाह मागण्याचा अधिकार दिला आहे. हे खरे. पण कायदा हक्क सांगतो, तो घर चालवीत नाही. आधीच खचलेल्याला उंबऱ्याबाहेर लोटले तर तो कामाकडेच जाईल, याची हमी कोण देणार? तो व्यसनाकडे जाईल, किंवा विहिरीकडे जाईल. अशी घरे आपण पाहिली आहेत.

दुसरा पूर्वपक्ष याच्या उलट. "त्याचे प्रारब्ध! आपण आहोत तोवर खाईल, पुढे पांडुरंग पाहील." हे ऐकायला भक्तीचे वाटते, पण यात भक्ती नाही. म्हातारी आई दुसऱ्याच्या बांधावर खुरपायला जाते, बाप गोळ्या पुरवून पुरवून खातो, आणि प्रौढ मुलगा आयते ताट घेतो. यात पांडुरंगाचे नाव पुढे करणे बरे नव्हे. ज्या पुंडलिकामुळे देव विटेवर उभा राहिला, त्याची सगळी थोरवी आईबापांच्या सेवेत आहे. पंढरीची वाट त्या सेवेवरून जाते.

मग सिद्धांत काय? संस्कृतात 'वृत्ति' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक उपजीविका आणि दुसरा मनाची अवस्था. उपजीविका तुटली की मनही तुटू लागते. म्हणून एकीकडे पाहून दुसरीकडे डोळेझाक करू नये. 'बेकार' हा शब्द फारसीतून आला. त्याचा अर्थ 'काम नसलेला'. 'कमाई नसलेला' असा नव्हे. हा भेद नीट ध्यानात धरा. कमाई पुष्कळदा आपल्या हाती नसते, काम पुष्कळदा असते.

तुकोबारायांचे चरित्र पाहा. इ. स. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात व्यापार बुडाला, दिवाळे निघाले, पहिली पत्नी आणि मुलगा गेले. तेव्हा तुकोबांना कोणी आळशी म्हणेल काय? पण कमाई गेली म्हणून ते हात बांधून बसले नाहीत. पडके विठ्ठलमंदिर त्यांनी दुरुस्त केले, असे चरित्रकार सांगतात. कमाई बुडाली, तरी काम सुटले नाही. दुसरीकडे नामदेवराय. भजनापायी शिंप्याचा धंदा सोडलेला पाहून आई गोणाई थेट विठ्ठलाशी भांडली. संप्रदायाने तिची तक्रार लपविली नाही, आदराने जपली. तेव्हा घरात आईने तोंड उघडले तर "तुला भक्ती कळत नाही" असे कोणी म्हणू नये. आणि "मी भजन करतो" हे न काम करण्याचे निमित्त होऊ नये. सावतोबांचा मळा आणि गोरोबांचे चाक भजनाने बंद पडले नव्हते.

आता आचरणाचे सांगतो.

आईबापांनी जेवणावरून टोमणा मारू नये. भाकरी वाढायची तर सुखाने वाढावी. पण घरातले एक काम त्याच्या नावे नेमून द्यावे. गोठा असो, बापाचा दवाखाना असो, पाणी, बाजार, हिशेब असो. ते त्याचेच, दुसऱ्याने करायचे नाही. ही त्याची शिदोरी. परीक्षेची मुदत किती वर्षे, हे आधीच मोकळेपणी बोलून ठरवावे. आणि मुलाच्या उमेदीपायी राहते घर व शेवटचा जमिनीचा तुकडा गहाण टाकू नये. म्हातारपणी तोच आधार असतो.

मुलाने हलके काम ही कल्पना टाकावी. पदवी घेतल्याने हात विटाळत नाहीत. मिळेल ते काम धरावे आणि पहिल्या पैशातून आईच्या हाती थोडे तरी ठेवावे. पुंडलिक होण्यास पगार लागत नाही. रात्री बापाचे पाय चेपायला नोकरी कशाला हवी?

जो आठवडेच्या आठवडे बोलत नाही, झोपत नाही, मरणाच्या गोष्टी काढतो, त्याला अंगारा-धुपारा पुरणार नाही. तो आजार आहे, त्याला डॉक्टर दाखवावा. सरकारची 'टेलिमानस' ही सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य मिळते. यात लाज नाही.

शेवटचे कर्तव्य गावाचे व दिंडीचे. "काय मग, लागली का नोकरी?" हा प्रश्न चावडीवर विचारणे सोडावे. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने रोजगार हमी योजना हाती घेतली, १९७७ साली तिचा कायदा केला. काम मागणाऱ्याला काम देणे हे समाजाचे देणे आहे, हा विचार वि. स. पागे यांच्यासारख्यांनी आपल्याच मातीत रुजविला. गावाने तेवढे मोठे करावे असे नाही. पण दिंडीचा हिशेब, पाण्याच्या टँकरची व्यवस्था, मुलांना हरिपाठाबरोबर गणित शिकविणे, ही कामे अशा शिकलेल्या मुलाला मान देऊन सोपवावीत. ज्याला कोणी काम सांगत नाही, त्याला आपण कोणालाच नको आहोत असे वाटते. वीणा एकाच्या खांद्यावरून दुसऱ्याच्या खांद्यावर जाते, तेव्हा आपण त्याचा पगार विचारीत नाही, पाया पडतो.

सारांश, शिदोरी सोडल्यावाचून काला नाही, आणि पेंद्याला वगळूनही काला नाही. हे दोन्ही नियम ज्या घरात पाळले जातात, तेथे अन्न थोडे असले तरी कमी पडत नाही.

रामकृष्ण हरि.